वरची ओळ

सुलभा पेडगावकर यांच्या निधनाची बातमी आमच्या दैनिकात आतल्या पानावर चार ओळींत आली. निवृत्त प्राध्यापिका, संगीताच्या अभ्यासक, पश्चात नणंद. कोणत्या संगीताच्या, हे त्यात नव्हते. मी दिलेल्या मजकुरात ते होते. ऐन वेळी खाली एक जाहिरात आली आणि ती ओळ कापली गेली. बाई हयात असत्या तर दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात हजर झाल्या असत्या. म्हणून ती ओळ इथे देतो. त्या युरोपातील मध्ययुगाच्या आणि त्याला लागून आलेल्या काळाच्या संगीताच्या अभ्यासक होत्या. हा अभ्यास त्यांनी परभणीत, जिंतूर रोडवरच्या एका वसाहतीत राहून केला.

आमची पहिली भेट एका दुरुस्तीमुळेच झाली. त्यांचे एक व्याख्यान होते, विषय पाश्चात्य संगीत. आमच्या अंकात छापून आले, पाश्चात्य नृत्य. दुपारी एक उंच, सडपातळ बाई घडी घातलेला अंक घेऊन आल्या. रागावल्या नव्हत्या. अंक टेबलावर पसरून त्या म्हणाल्या, "काल सभागृहात नेहमीपेक्षा दुप्पट माणसं होती. मी उभी राहिले तेव्हा मागच्या रांगेतून एकजण म्हणाला, ह्या नाचणार? तेवढं दुरुस्त करा."

मी दिलगिरी व्यक्त केली आणि म्हणालो की दुरुस्ती उद्या नक्की येईल.

"कशावरून?" त्या म्हणाल्या.

हा त्यांचा शब्द होता. सोनपेठच्या महाविद्यालयात त्या इतिहास शिकवत तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांचे नावच 'कशावरून मॅडम' ठेवले होते, आणि निवृत्तीनंतर ते परभणीपर्यंत आले. बाजारात भाजीवाली म्हणे, "घ्या बाई, मेथी आत्ताच आलीय." बाई जुडी उचलून विचारीत, "कशावरून?" भाजीवाली एकदा वैतागून म्हणाली, "आता मेथीला काय जन्माचा दाखला देऊ का?" बाईंना हे उत्तर इतके आवडले की त्यानंतर त्या मेथी तिच्याकडूनच घेऊ लागल्या.

या विषयाकडे त्या कशा वळल्या, हे मी त्यांना विचारले होते. त्यांनी सांगितले, वडील पूर्णा जंक्शनला रेल्वेत होते. नोकरी सोडून जाणाऱ्या एका अँग्लो-इंडियन गार्डने त्यांना काही तबकड्या दिल्या, त्यांतली एक युरोपातल्या ख्रिस्ती मठातल्या गायनाची होती. महाविद्यालयाच्या प्राचार्यांना मात्र त्यांनी सांगितले होते की संशोधनासाठी हा विषय घेतला, कारण तो मागणारे दुसरे कोणी नव्हते. आणि नणंदेला सांगितले होते की झोप लागत नव्हती म्हणून लॅटिन शिकायला घेतले, पुढचे आपोआप झाले. यातले बरोबर कोणते, असे मी पुन्हा विचारले. त्या म्हणाल्या, "एकच बरोबर असेल, हे कशावरून?" तिन्हींपैकी एकाचीही खातरजमा मला करता आलेली नाही.

नणंदेचे नाव कुसुम. तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केले नव्हते. बाईंचे यजमान वारल्यावर घरात या दोघीच राहिल्या. कुसुमताई ठेंगण्या, मोठ्या आवाजाच्या आणि वसाहतीतल्या महिला भजनी मंडळाच्या प्रमुख. मंडळ दर गुरुवारी त्यांच्याच बाहेरच्या खोलीत बसे. आतल्या खोलीत बाईंचा मोठा टीव्ही होता. तो त्यांनी घेतला होता हस्तलिखिते पाहण्यासाठी. परदेशी ग्रंथालयांनी आपली जुनी हस्तलिखिते आता संकेतस्थळांवर पाहायला ठेवली आहेत. बाई त्यांतले एकेक पान टीव्हीवर भिंतीएवढे मोठे करीत आणि खुर्ची पुढे ओढून बसत. कुसुमताईंची तक्रार एवढीच, की घरात एवढा मोठा टीव्ही असून मालिका शेजारी जाऊन पाहाव्या लागतात.

सकाळी बाई त्याच टीव्हीवर मठातले गायन लावीत. त्यावरून वसाहतीत व्हायचे ते झाले. एका संध्याकाळी मी तिथे असताना कुसुमताई बाहेरून आल्या त्या पिशवी टाकूनच म्हणाल्या, "वहिनी, लोकं काय बोलायलेत ठाऊक हाय का? तुमी किरिस्ताव झाल्या म्हणून."

"कशावरून?"

"सकाळी सकाळी चर्चमधलं लावता म्हणून."

"आणि तू सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर भजन म्हणतेस. मग तू काय नटी झालीस?"

"आमची चाल कुठलीबी असू द्या, आमी नाव तर देवाचं घेतो."

"तेही देवाचंच घेतात, कुसुम. आणि चालीही अशाच कुठून कुठून उचलतात."

बाईंचा सगळा विषय या शेवटच्या वाक्यात होता, हे मला नंतर कळले.

भजनी मंडळांच्या पुस्तिका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना समजायला अवघड नाही. गाण्याच्या वर एक ओळ असते: 'चाल', आणि पुढे दुसऱ्या एखाद्या गाण्याचे पहिले शब्द. स्वरलिपी नसते. ते दुसरे गाणे येत असेल तर हे येते. नसेल तर पुस्तिका मुकी. बाई ज्या हस्तलिखितावर वर्षानुवर्षे बसल्या होत्या ते असेच होते. आजच्या नेदरलँड्सच्या भागातल्या एका मठात पाचएकशे वर्षांपूर्वी ख्रिस्ती जोगिणींनी, म्हणजे नन्सनी, आपल्यासाठी लिहून काढलेली गाणी. शब्द देवाचे, चाली बाजारातल्या: प्रेमाच्या, दारूच्या, सैनिकांच्या. प्रत्येक गाण्यावर तांबड्या शाईत त्या बाजारातल्या गाण्याचे पहिले शब्द.

बाई हे शिकवतही असत. युरोपचा इतिहास शिकवताना पाठ्यक्रमात नसलेला एक तास त्या दरवर्षी घुसवीत. हजार वर्षांपूर्वी मठांत स्तोत्राच्या शब्दांवर बारीक खुणा काढत. आवाज वर गेला की खूण वर, खाली आला की खाली. किती वर आणि किती खाली, हे त्यात नसे. स्वराची नेमकी उंची दाखवणाऱ्या रेघा नंतर आल्या. त्या खुणा म्हणजे इतरांकडून गाणे म्हणवून घेणाऱ्याच्या हाताची हालचाल कागदावर उतरलेली, असे काही अभ्यासक मानतात, हे सांगताना त्या हात हवेत उचलून दाखवीत. एकदा एका मुलीने विचारले, "मॅडम, मग हे वाचायचं कसं?" त्या म्हणाल्या, ज्याला चाल येते त्यालाच वाचता येते. "येतेच तर मग वाचायचं कशाला?" असे त्या मुलीने विचारले आणि वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्या विषयातला याहून चांगला प्रश्न आपल्याला कुठल्या पुस्तकात भेटला नाही, असे त्या पुढे अनेकांना सांगत. मलाही सांगितले.

त्यांच्या नावावर एक शोध लागला तेव्हा त्या निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. जोगिणींच्या एका गाण्यावरच्या तांबड्या ओळीतले गाणे जगात कुठेच सापडत नव्हते. शब्द नाहीत, स्वर नाहीत. बाईंचे म्हणणे असे, की स्वर आहेत. फक्त त्यांच्यावरचे नाव गेले आहे. त्या काळचे रचनाकार चार आवाजांची मोठी प्रार्थना रचताना एका आवाजाला पुष्कळदा लोकांच्या ओळखीची एखादी चाल देत. तो आवाज ती चाल लांबवून धरून ठेवी आणि बाकीचे तिच्याभोवती फिरत. त्या आवाजाचे नावही त्यावरूनच पडले: टेनर, म्हणजे धरणारा. अशी एक निनावी प्रार्थना दुसऱ्या देशातल्या ग्रंथालयात होती आणि तिच्यात धरलेली चाल कुठल्या गाण्याची, हे कोणाला ठाऊक नव्हते. बाईंनी जोगिणींचे शब्द त्या चालीवर ठेवून पाहिले. अक्षराला स्वर आणि ओळीला श्वास, सगळे बसले.

एका परदेशी नियतकालिकाने त्यांचा लेख छापला. आमच्या अंकात मी बातमी दिली. शीर्षक संपादकीय विभागाने दिले: 'युरोपचे हरवलेले गाणे सापडले परभणीत.' बाई दुपारी कार्यालयात.

"परभणीत नाही सापडलं. परभणीतून सापडलं. तेवढं दुरुस्त करा."

त्या काळात मी त्यांच्याकडे गेलो की त्या ती चाल गुणगुणत असत. तांदूळ निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, जोगिणींच्या शब्दांसकट. पाचशे वर्षांत हे शब्द या चालीवर म्हणणारी आपण पहिली, असे त्या म्हणाल्या नाहीत. ते कुसुमताईंनी म्हटले, आणि सगळ्या वसाहतीत म्हटले. वहिनी किरिस्ताव झाल्या का, असे विचारणाऱ्यांच्या दारात जाऊन त्यांनी आमचा अंक दाखवला. शहरातल्या निवृत्त शिक्षकांच्या एका संस्थेने सत्कार ठरवला. कुसुमताईंनी बोरीच्या मामांकडच्या आणि ताडकळसच्या आत्याकडच्या सगळ्यांना निरोप धाडले.

सत्काराच्या आदल्या आठवड्यात, गुरुवारी, मी मानपत्रासाठी बाईंची माहिती घ्यायला गेलो. बाहेरच्या खोलीत मंडळ बसले होते. पुस्तिकेची नवी आवृत्ती आली होती आणि बायका त्यातले एक नवे भजन म्हणत होत्या. बाई आत मला माहिती सांगत होत्या. मध्येच थांबल्या, उठून दारात गेल्या. भजन संपेपर्यंत उभ्या राहिल्या.

"कुसुम, ही चाल कुठून घेतली?"

"वर लिहिलीय की." कुसुमताईंनी पुस्तिका पुढे केली. पानाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत एक ओळ होती: तुळशीच्या ओट्यावर.

"इथे चाल असं कुठे लिहिलंय?"

"न लिहिना का. वरची ओळ म्हणजे चालच असती."

बाईंनी पान मागे उलटले. मागच्या पानावर 'तुळशीच्या ओट्यावर' हेच धृपद असलेले भजन होते. शेवटचे कडवे तळाला संपले होते आणि त्यानंतर पुन्हा म्हणायच्या धृपदाची ओळ पान न पुरल्याने पुढच्या पानावर जाऊन बसली होती. तिचा खालच्या भजनाशी काही संबंध नव्हता. मंडळाने महिनाभर ते भजन भलत्याच चालीवर बसवले होते.

बायका एकदम हसत सुटल्या. एकजण म्हणाली, "अगं बया, मी म्हणलंच होतं, ह्याची चाल आधीच्यासारखीच कशी लागायली!"

कुसुमताई मात्र हटल्या नाहीत. "मग काय झालं? बसती का न्हाई? एक अक्षर कमी पडंना, एक जास्त होईना."

"बसते."

"बसल्याशी मतलब. आन् खरं सांगू का वहिनी, ह्या मापाच्या गाण्याला कोणतीबी चाल बसती. धा चाली घ्या, धाच्या धा बसतील."

बाई पुस्तिका हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी ती परत दिली, आत आल्या, आणि मी समोर आहे हे विसरल्यासारख्या टीव्हीपुढे बसल्या. पडद्यावर त्यांनी जोगिणींचे ते पान लावले. वर तांबडी ओळ होती. मग त्यांनी मागचे पान लावले. मी माहितीचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि निघालो. निरोप घेतला तो त्यांना ऐकू गेला नसावा.

दोनचार दिवसांनी त्यांनी मला बोलावून घेतले आणि तीच दोन पाने दाखवली. जे सांगितले ते असे. मागच्या पानावर एका वेगळ्या गाण्याचा शेवट आहे. त्या गाण्याची सुरुवात ज्या पानावर होती ते पान फार पूर्वीच फाटून गेलेले. उरलेल्या भागात प्रत्येक कडव्याच्या शेवटी दोन तांबडी अक्षरे आहेत. "हे आपल्याकडच्या धृसारखं. इथे धृपद म्हणा, एवढंच सांगणारं," त्या म्हणाल्या. शेवटच्या कडव्यानंतर मात्र ती दोन अक्षरे नाहीत. तिथे पान संपते. पुढच्या पानाच्या डोक्यावर आहे ती आख्खी तांबडी ओळ. आणि तिची पहिली दोन अक्षरे तीच.

"म्हणजे ती ओळ चाल नाही?"

"नाही. मागच्या गाण्याचं धृपद आहे. शेवटच्या वेळी पूर्ण लिहिलेलं. बाकीच्या सगळ्या गाण्यांवर त्या जोगिणीने चाल हा शब्द लिहिलाय. फक्त इथे नाही. त्याचं कारण मी लेखात काय दिलंय ते वाचा." त्यांनी लेख पुढे केला, बोट ठेवले आणि स्वतःच मराठीत सांगितले: लिहिणारीने इथे आळस केला असावा.

मी विचारले, पण शब्द त्या चालीवर बसले, त्याचे काय?

"काल तेच शब्द आणखी काही चालींवर ठेवून पाहिले. सगळ्यांवर बसले."

"हे आधी का पाहिलं नाही?"

"पहिलीच बसली ना," बाई म्हणाल्या.

कुसुमताई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्या आत आल्या आणि मला उद्देशून म्हणाल्या, "भाऊ, तुमीच सांगा. पत्रिका वाटून झाल्या. बोरीचे लोक जीप करून यायलेत. आन् ह्या म्हणायल्या, तिथं उभं राहून चुकलं म्हणून सांगते."

"सत्कार रद्द करा म्हटलं तर संस्थेचे लोक ऐकत नाहीत," बाई म्हणाल्या.

"कशाला ऐकतील? वहिनी, सत्तरी उलटली तुमची. आयुष्यभर लोकं हसले. मी बी हसले, खोटं कशाला बोलू? आता कुठं चार माणसं नमस्कार करायलीत. त्या पानाकडं बघणारं माणूस ह्या जगात तुमी एकट्या. तुमी गप बसलात तर कोणाला कळणार हाय?"

"कोणालाच नाही."

"मग?"

"म्हणूनच," बाई म्हणाल्या.

कुसुमताई "करा काय करायचं ते" असे म्हणून स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी जरुरीपेक्षा जोरात ठेवू लागल्या. मीही बाईंना विचारले, वाईट वाटले का. त्यांनी माझ्या प्रश्नांना इतक्या वर्षांत बहुधा उलट प्रश्नानेच उत्तर दिले होते. या वेळी म्हणाल्या, "हो." मग म्हणाल्या, "ते गाणं गेलं. मी एवढे महिने म्हणत होते ते. ते कधी कोणी म्हटलेलंच नव्हतं."

लेख मागे घेत असल्याचे त्यांनी नियतकालिकाला त्याच दिवशी कळवले होते. पुढच्या अंकात तशी टीप आली.

सत्काराला सभागृह भरले होते. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी प्रास्ताविकात सांगितले की युरोपला जे जमले नाही ते परभणीने करून दाखवले. शाल आणि श्रीफळ झाले. बाई बोलायला उभ्या राहिल्या.

"ज्या शोधासाठी आपण हा सत्कार केलात, तो शोध चुकला आहे," त्या म्हणाल्या.

टाळ्या पडल्या. बाई थांबल्या.

"मी हे विनयाने म्हणत नाही. तो खरोखरच चुकला आहे."

टाळ्या वाढल्या. समोरच्या रांगेतले एक वृद्ध गृहस्थ उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, असं म्हणायला मोठं मन लागतं हो!"

"मन नाही लागत," बाई म्हणाल्या. "मागचं पान बघावं लागतं."

त्यांनी मग धृपद, तांबडी अक्षरे, फाटलेले पान, सगळे शांतपणे सांगितले. शब्द न शब्द कळेल असे सांगितले. लोक माना डोलावत होते. अध्यक्ष समारोपात म्हणाले की एवढे मोठे काम करूनही ज्यांना आपले काम चुकल्यासारखे वाटते, अशी माणसे आता दुर्मीळ झाली आहेत. पहिल्या रांगेत कुसुमताई होत्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. सबंध सभागृहात वहिनी काय म्हणाल्या हे कळलेल्या, माझ्या मोजणीप्रमाणे, त्या एकट्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या इतर वृत्तपत्रांनी बाईंच्या विनयाच्या बातम्या दिल्या. बाई आमच्या कार्यालयात आल्या. या वेळी हातात अंक नव्हता; आमच्या बातमीत विनय हा शब्द नव्हता. त्यांना वेगळी दुरुस्ती हवी होती. मी ती लिहून संपादकीय विभागात दिली. तिथल्या उपसंपादकाने वाचली आणि विचारले, "ही तक्रार कोणाची?"

"त्यांची."

"कोणाविरुद्ध?"

"त्यांच्याच."

त्याने पुन्हा वाचली आणि दुरुस्तीच्या चौकटीत लावली. मजकूर असा होता: 'युरोपचे हरवलेले गाणे सापडल्याचे वृत्त या दैनिकात आले होते. ते गाणे सापडलेले नाही, असे प्रा. सुलभा पेडगावकर कळवतात. हे त्या विनयाने कळवत नाहीत.'

त्यानंतर बरेच दिवस टीव्ही बंद राहिला. सकाळचे गायनही. वसाहतीत कोणी विचारले तर कुसुमताई सांगत, तब्येत नरम हाय. एका सकाळी मात्र शेजारच्या बाई कुसुमताईंना म्हणाल्या, "तुमच्या वहिनी ते चर्चमधलं लावत नाहीत आता? आमाला त्याच्यावर उठायची सवय झाली होती." कुसुमताईंनी घरी येऊन हे जसेच्या तसे सांगितले. दुसऱ्या दिवशी गायन पुन्हा सुरू झाले. पाने पुन्हा भिंतीएवढी दिसू लागली. ती चाल मात्र त्या गुणगुणताना मला पुन्हा ऐकू आली नाही.

म्हणजे त्यांच्या तोंडून नाही. एका गुरुवारी मी गेलो तेव्हा मंडळ बाहेरच्या खोलीत बसले होते आणि एक भजन चालू होते. शब्द कुसुमताईंचे, साधे: दळण, ओवी, सकाळ, देव. चाल ओळखीची वाटली, पण आठवेना. दुसऱ्या कडव्यावर आठवली. ती त्या निनावी प्रार्थनेत धरलेली चाल होती. भिंतीपलीकडून महिनोन्महिने ऐकून कुसुमताईंना पाठ झाली होती. टाळ होते, ढोलकी होती, आणि ती तिथे कधीपासूनची असल्यासारखी बसली होती.

बाई दारात उभ्या होत्या. भजन संपले तसे म्हणाल्या, "हे काय आहे, कुसुम?"

"भजन हाय."

"चाल?"

कुसुमताईंनी नव्या पुस्तिकेचा छापखान्यातून आलेला कच्चा कागद पुढे केला. भजनावर ओळ होती: 'चाल: वहिनींची.'

"ही चाल माझी नाही. ती कोणाची आहे हे कोणालाच ठाऊक नाही. मी फक्त म्हणत होते. असं छापलंस तर पुढे कोणी वाचेल आणि फसेल."

"मग काय छापू?"

बाईंनी खाली द्यायची टीप तोंडी सांगितली. मूळ हस्तलिखित कुठल्या ग्रंथालयात, कुठल्या पानावर, चाल कोणत्या आवाजात धरलेली, मूळ गाणे अज्ञात, परभणीतल्या बायकांनी कशी उचलली. कुसुमताईंनी सगळे ऐकून घेतले.

"जागा न्हाई," त्या म्हणाल्या. "आन् फसला कोणी तर फसू द्या. तुमच्यासारखं कोणीतरी येईल दोनचारशे वर्षांनी, बसंल टीव्हीपुढं, काढील शोधून. त्याला काय काम नको का?"

मंडळातल्या बायका हसल्या. बाईही हसल्या, त्यांना मोठ्याने हसताना मी तेवढे एकदाच पाहिले. ओळ तशीच छापली गेली. पुस्तिका मी पाहिली आहे.

बाईंना मी शेवटचे पाहिले ते तिथेच, त्यानंतरच्या एका गुरुवारी. तोवर त्या दारातून खोलीत आल्या होत्या. मागच्या रांगेत, भिंतीला टेकून, पाय लांब करून बसल्या होत्या. हातात पुस्तिका होती, पण मिटलेली. त्यांना भजनाचे शब्द पाठ नव्हते आणि चष्माही आणलेला नव्हता. शब्द इतरांमागोमाग उचलत, समोर कुसुमताईंच्या हाताकडे पाहून त्या म्हणत होत्या. कुसुमताईंचा हात चाल वर गेली की वर जाई, खाली आली की खाली. शेवटच्या ओळीचा शेवटचा स्वर आला. टाळ थांबले, बायका थांबल्या. मागून एक आवाज अजून येत होता, बारीक, थोडा कापरा, तो स्वर धरून.

कुसुमताईंनी मागे वळून पाहिले आणि वर गेलेला हात तो स्वर संपेपर्यंत तसाच ठेवला.